बरोबरची मुलगी घरी गेली, आमची अजून तिथेच आहे

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून) : माझी मुलगी 17 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचं खाणं हळूहळू कमी होत गेलं. ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं टाळत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. घरी राहून केलेल्या उपचारांनी वजन सावरेना, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने 8 आठवड्यांपूर्वी तिला निवासी उपचार केंद्रात ठेवलं. त्याच आठवड्यात तिच्याच वयाची आणखी एक मुलगी तिथे दाखल झाली. ती पहिल्या दिवसापासून ताट संपवायची, गटाच्या सत्रांत मोकळेपणाने बोलायची आणि परवा हसत हसत घरी गेलीसुद्धा. आमची अजून जेवायला बसलं की रडते, आहारतज्ज्ञांशी वाद घालते आणि फोनवर मला म्हणते, ‘तू मला इथे टाकून गेलीस.’ वजन थोडं वाढतं, मग आठवडाभर जागचं हलत नाही. तिचे बाबा म्हणतात, ही मनावरच घेत नाहीये; एक तर केंद्र बदलू, नाही तर सरळ घरी आणू. मला रात्र रात्र झोप नाही. दोघींना तोच उपचार, तेच डॉक्टर, मग एवढा फरक का? आमच्या संगोपनातच काही चुकलं का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन मुली आहेत आणि त्यांतल्या एकीबद्दल तुम्हाला फारच थोडं ठाऊक आहे. ती किती काळ आजारी होती, दाखल होताना तिची तब्येत किती खालावली होती, आधी कुठे उपचार झाले होते का, आजाराच्या जोडीला आणखी काही होतं का, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्हाला दिसलं ते रिकामं ताट आणि हसरा चेहरा. तरीही गेले दोन महिने तुम्ही आपल्या लेकीला तिच्याच मापाने मोजताय. जीव टांगणीला लागलेला असला की शेजारच्या खाटेकडे नजर जातेच, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण मुलीचं पुढे काय करायचं हा निर्णय त्या नजरेवरून घेऊ नका, एवढं मात्र आग्रहाने सांगेन.

‘तोच उपचार’ या शब्दांपाशी आधी थोडं थांबू. वेळापत्रक एकच असतं, टेबल एकच असतं, पण त्या टेबलाशी बसलेली शरीरं एकसारखी नसतात. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला पुन्हा नीट अन्न मिळू लागलं की काहींच्या शरीराचा ऊर्जाखर्च झपाट्याने वाढतो. खाल्लेलं अंगाला लागत नाही असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः खरं होतं. सुरुवातीला काहींच्या अंगात पाणी साठतं, त्यामुळे वजन एकदम चढतं आणि पाणी उतरलं की ते थांबल्यासारखं किंवा घटल्यासारखं वाटतं. उपासमारीत पोटाची हालचालही मंदावते. थोडं खाल्लं तरी पोट तट्ट फुगतं, दुखतं, मळमळतं. मुलगी ‘पोटात जागाच नाही’ म्हणते तेव्हा ते दर वेळी निमित्त नसतं. त्या क्षणी तिला खरोखर तसंच जाणवत असतं. तरीही तिला खावं लागतं, कारण पोट पुन्हा सवयीला आणायचा दुसरा मार्ग नाही. म्हणून वजनाचा काटा आठवडाभर हलला नाही की लगेच मुलीकडे बोट दाखवू नका. आधी केंद्रातल्या उपचार करणार्‍या टीमला विचारा की ठरवलेलं सगळं पोटात जातंय का, आणि जात असेल तर आहार वाढवायची वेळ आली आहे का.

आता मनाचं. 1944 च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग सुरू झाला. 36 धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले होते. त्यांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं आणि त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. यातल्या कुणालाही आधी खाण्याशी निगडित आजार नव्हता. तरीही ते चिडचिडे झाले, माणसांतून उठले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. कुणी पाककृती गोळा करू लागलं, कुणी एकेक जेवण तास-दोन तास लांबवू लागलं. आणि खाणं पुन्हा वाढवल्यावर ते लगेच पूर्ववत झाले नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत तर कित्येकांची उदासी आणि चिडचिड आणखी वाढली. मन रुळावर यायला महिने लागले. हे सगळं ज्यांना वजन वाढायची भीती नव्हती, त्यांच्याबाबतीत घडलं. तुमच्या मुलीला ही भीती दर घासाला आहे. शरीर आधी सावरतं, मन मागून येतं, आणि मधल्या काळात माणूस सर्वांत जास्त त्रासलेला असतो. तुम्ही फोनवर ऐकताय तो बहुधा हाच मधला काळ आहे.

म्हणूनच ‘मनावर घेत नाही’ हे तिच्या बाबांचं वाक्य मला मान्य नाही, त्यांची काळजी कितीही खरी असली तरी. ॲनोरेक्सियाची मोठी अडचण अशी की तो आजार्‍याला आजार वाटत नाही. 1873 मध्ये पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की घरचे सगळे हवालदिल असताना रुग्ण मात्र स्वतःच्या अवस्थेवर खूश असते. इतर दुखण्यांत रुग्णाला दुखणं नकोसं असतं. इथे रुग्णाला वाटतं, हेच तर मला सांभाळून घेतंय, आणि तुम्ही ते काढून घेताय. अशा वेळी बरं व्हायची इच्छा आधी आणि उपचार मग, असा क्रम लागत नाही. बर्‍याचदा उपचार आधी सुरू होतात आणि इच्छा त्यांच्या मागून येते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, रुग्णालयात दाखल होताना ‘मला याची गरजच नाही’ म्हणणार्‍यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणांचं मत दोन आठवड्यांतच बदललेलं दिसलं. बाकीच्यांचं त्या मुदतीत बदललं नव्हतं. त्यांना धीराने घ्यावं लागतं.

जेवणाच्या टेबलाशी काय घडतं ते जरा जवळून पाहा. एक मुलगी ताटाकडे न बघता, कुणाशी एक शब्दही न बोलता यंत्रासारखं सगळं संपवते आणि ‘झालं’ म्हणून उठते. दुसरी पहिल्या घासाला रडते, ‘हे जास्त आहे’ म्हणून भांडते, चमचा खाली ठेवते, परत उचलते, आणि ठरलेला वेळ संपता संपता शेवटचा घास कसाबसा गिळते. लांबून बघणार्‍याला पहिली बरी वाटते. असेलही. काही जणांचा आजार लवकर ध्यानात आलेला असतो, घरून साथ भक्कम असते, ते उपचारांना झटकन प्रतिसाद देतात आणि पुढेही सावरलेले राहतात. पहिल्या काही आठवड्यांतली सुधारणा हे चांगलं लक्षण असल्याचं बरेच अभ्यास सांगतात, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण काही जण फक्त तिथून सुटण्यासाठी खातात. तोंडदेखलं सगळं पाळतात, टीमला हवं ते बोलतात, आणि आतली भीती जशीच्या तशी घेऊन घरी जातात. ती दुसरी मुलगी यातली कोणती, हे ना तुम्हाला ठाऊक ना मला, आणि ते शोधायची आपल्याला गरजही नाही.

तुमच्या मुलीबद्दल मात्र एक गोष्ट शोधायला हवी. भांडून झाल्यावर ती जेवते का? रडणं म्हणजे प्रगती, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. रडून, वाद घालून ताट तसंच राहत असेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर उपचार लागू पडत नाहीत. पण ती रडते आणि तरीही खाते, तिची भीती ती सगळ्यांसमोर बोलून दाखवते, तर आजार उघड्यावर आलेला आहे. उघड्यावर आलेल्या भीतीवर टीमला काम करता येतं.

प्रतिसादातल्या फरकाची आणखीही कारणं असतात. सोबत तीव्र चिंता, नैराश्य किंवा मंत्रचळ (ओसीडी) असेल तर एकाच वेळी दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटा असतील तर गजबजलेली जेवणाची खोली, वास, अन्नाचा पोत यांचाच जाच होतो, आणि तो जाच वजनाच्या भीतीपेक्षा वेगळा ओळखावा लागतो. पूर्वी काही आघात झालेला असेल तर कुणीतरी सतत लक्ष ठेवून आहे ही गोष्टच असह्य होऊ शकते. बरोबरच्या रुग्णांचा परिणामही सगळ्यांवर सारखा होत नाही. एखादीला ‘मी एकटी नाही’ याचा आधार वाटतो, दुसरी तिथेही कोण किती बारीक आहे याची तुलना करत बसते. यांपैकी काही तुमच्या मुलीला लागू आहे का, ते टीमला स्पष्ट विचारा. 8 आठवड्यांनंतर हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येऊ.

घरी आणणं म्हणजे हार, असं मी मानत नाही. ऑस्ट्रेलियात आणि जर्मनीत किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुढे आली. प्रकृती धोक्याबाहेर आल्यानंतर जास्त दिवस रुग्णालयात राहिलेल्यांचं पुढे अधिक भलं झालं असं दिसलं नाही. मात्र लवकर सोडलेल्यांना वार्‍यावर सोडलेलं नव्हतं. एका ठिकाणी त्यांच्यासाठी कुटुंबाधारित उपचार होते, दुसर्‍या ठिकाणी दिवसभर उपचार घेऊन रात्री घरी जायची सोय. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचारपद्धतीत काही काळ मुलीच्या खाण्याची सगळी सूत्रं आईवडील हातात घेतात. काय, किती, केव्हा खायचं हे ते ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात. लहान वयात सुरू झालेल्या आणि फार जुन्या न झालेल्या ॲनोरेक्सियात ही पद्धत चांगली लागू पडते. पण तिला एक अट आहे, आणि ती तुमच्या घरासाठी कळीची आहे. आईवडिलांचं एकमत हवं. आज तुम्ही दोघं दोन दिशांना आहात. अशा घरात मुलगी परतली तर आजार तुमच्या दोघांमधल्या फटीत बरोबर शिरेल. शिवाय घरी राहून उपचार केले असं तुम्ही लिहिता, तेव्हा ते या पद्धतीने, या उपचारात मुरलेल्या थेरपिस्टच्या हाताखाली झाले होते की महिन्यातून एकदा वजन करून आणि समजूत काढून, हेही मनाशी स्पष्ट करा. ते नीट झालंच नसेल तर तो मार्ग अजून शिल्लक आहे.

एक गोष्ट मात्र नक्की. डॉक्टर ‘अजून नको’ म्हणत असताना, फोनवरच्या रडण्याने कासावीस होऊन तिला उचलून आणू नका. फार खालावलेल्या रुग्णाला अन्न सुरू करताना रक्तातलं फॉस्फेट आणि इतर क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात, हृदयाचे ठोके मंदावलेले असू शकतात. ॲनोरेक्सिया हा सर्वांत जास्त जीव घेणार्‍या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि त्यातले बरेच मृत्यू आत्महत्येने होतात. ती कधीही मरणाची भाषा बोलली तर आजाराचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका, त्याच क्षणी टीमला कळवा. पुढे घरी असताना ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडू लागलं, पाणीसुद्धा नाकारू लागली किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा करू लागली, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता तिला सरळ रुग्णालयात न्या.

केंद्र बदलायचं, तर कारण केंद्रात सापडायला हवं. ‘दुसरी बरी झाली’ हे कारण होत नाही. टीममध्ये डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकमेकांशी बोलत नसतील, तुम्हाला कौटुंबिक सत्रांना बोलावलंच जात नसेल, मुलीला अपमानाने किंवा धाक घालून वागवलं जात असेल, किंवा सुधारणा थांबलेली असूनही ‘बघू’ याशिवाय कुणाकडे उत्तर नसेल, तर जरूर बदला. नुसता वेळ लागतोय म्हणून बदललंत तर नव्या ठिकाणी ओळख, विश्वास, नियम सगळं पहिल्यापासून, आणि ‘रडलं की जागा बदलते’ हा धडा आजाराला मिळतो.

माझा कल कुठे आहे ते सांगते. पत्रावरून तरी, ठरावीक मुदत घालून तिथेच राहू द्यावं असं मला वाटतं. तिच्या बाबांसह टीमला भेटा. दाखल झाली तेव्हाच्या तुलनेत नेमकं काय बदललं, हे त्यांच्याकडून ऐका, आणि वजनापलीकडचंही ऐका. जेवायला लागणारा वेळ, टाळलेल्या पदार्थांपैकी किती परत आले, झोप, थंडी वाजणं, चक्कर, बोलण्यातली एकाग्रता, जेवणानंतरची अस्वस्थता किती वेळ टिकते. मग विचारा की येत्या तीन-चार आठवड्यांत काय दिसायला हवं आणि ते दिसलं नाही तर उपचारात काय बदल करणार. याचं उत्तर नेमकं आलं तर थांबा. गोलमोल आलं तर दुसर्‍या तज्ज्ञाचं मत घ्या.

फोनचं काय करायचं? ‘तू मला टाकून गेलीस’ हे ऐकून आईचं काळीज फाटतं, आणि मग आपण समजावू लागतो, बाजू मांडू लागतो, कधी कधी आश्वासनही देऊन बसतो. यातलं काही करू नका. एवढंच म्हणा, ‘तुला तिथे किती जड जातंय ते मला कळतंय. तू बरी होऊन घरी यावीस म्हणून तू तिथे आहेस. मी रविवारी येतेय.’ आणि रविवारी जा. ती पुन्हा तेच म्हणेल, तुम्हीही पुन्हा तेच म्हणा, आवाज न चढवता. त्या दुसर्‍या मुलीचं नाव काढू नका, कौतुकानेही नाही. ‘गाल भरले हं’, ‘आता छान दिसतेस’ हे तर अजिबात नको. तुम्ही प्रेमाने म्हणाल आणि ती ‘जाड झालीस’ असं ऐकेल. आज काय खाल्लं हेही तुम्ही विचारू नका, ते काम टीमचं आहे. तिच्याशी आजाराव्यतिरिक्त कुणीतरी बोलायला हवं, ते तुम्ही बोला.

संगोपनात चूक झाली का, असं तुम्ही विचारलंत. या आजाराचं खापर आईवर फोडायची जुनी रीत होती. ती मागे पडली आहे आणि ते योग्यच झालं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. 2019 मध्ये सुमारे 17,000 रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासात ॲनोरेक्सियाशी निगडित जनुकसंचातल्या 8 जागा सापडल्या आणि त्याचा संबंध मनाबरोबर चयापचयाशीही असल्याचं पुढे आलं. तुमच्या घरात काही सवयी बदलाव्या लागतील, ते वेगळं. आजार तुम्ही दिलेला नाही.

किती काळ लागेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या ओळीओळीत तोच प्रश्न आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रियांपैकी 9 वर्षांनी सुमारे 31 टक्के बर्‍या झालेल्या होत्या, 22 वर्षांनी सुमारे 63 टक्के. हा आकडा पाहून धसका घेऊ नका. कमी वयात लवकर उपचार मिळालेल्यांचं चित्र यापेक्षा आशादायक असतं. पण उशिरा बरी होणारी माणसंही बरी होतात, हे त्यात आहे, म्हणून सांगितलं. 8 आठवड्यांवरून कुणाचाही निकाल लावता येत नाही.

हे वाचणार्‍यांत स्वतः उपचार घेणारेही असतील, बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) किंवा बिंज इटिंगचे (ताबा सुटून भरमसाट खाण्याचे) रुग्ण असतील, पुरुष असतील, चाळिशीतल्या बायका असतील. शेजारचा पुढे गेला म्हणून तुम्ही मागे राहिलात असं नाही. तुमचं काही अडत असेल तर ‘मला हे जमत नाहीये’ असं टीमला मोकळेपणी सांगा. सगळं छान चाललंय असं उसनं अवसान आणून दाखवू नका. दुसर्‍यांदा दाखल व्हावं लागलं असेल तर पहिल्या वेळी कशाने मदत झाली आणि घरी गेल्यावर नेमकं कुठे घसरलं, ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. नव्याने सुरुवात करताना टीमला याच माहितीचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

शेवटी, ताई, घरी यायच्या दिवसाची तयारी आत्तापासून करा. आजार उलटण्याचा धोका घरी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो. म्हणून डिस्चार्जची तारीख ठरायच्या आधी काही गोष्टी कागदावर हव्यात. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणत्या दिवशी कुणाला भेटायचं, वजन कोण करणार आणि ते तिला सांगायचं की नाही, कॉलेज पूर्ण वेळ की काही तास, व्यायाम केव्हा सुरू, आणि वजन किती उतरलं किंवा किती जेवणं चुकली की थेट केंद्राला फोन करायचा. दिवसाच्या प्रत्येक खाण्याला तिच्याजवळ कोण बसणार, तेही लिहा. सकाळचं तुमच्याकडे, रात्रीचं बाबांकडे, असं वाटून घ्या. बाबांना सुट्टीसाठी अर्ज करावा लागणार असेल तर तो आत्ताच करायला सांगा, आणि पुढच्या कौटुंबिक सत्राला दोघं मिळून जा.